ज्याचं तिकीट त्याच्या हातात

सोजरबाई कांबळे यांची आणि माझी ओळख संशयातून झाली, आणि संशय त्यांचा माझ्यावर होता.

आम्ही लातुरात औसा रोडच्या मागच्या नव्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा समोरच्या घरात त्या एकट्या राहत होत्या. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. उंच, सडपातळ बाई. उभ्या राहायच्या त्या दोन पायांत अंतर ठेवून, जणू खालची फरशी केव्हाही वळण घेणार आहे. माझ्या बायकोने चहाला बोलावलं, तर आत आल्या नाहीत. फाटकाला हात लावून विचारलं, "ती पोरगी कोन?"

पोरगी म्हणजे माझी पुतणी ऋतुजा. माझा भाऊ किल्लारीला शेती करतो. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून क्लाससाठी ती आमच्याकडे राहत होती. लातुरात अशा पोरी गल्लोगल्ली आहेत. बायकोने तसं सांगितलं. सोजरबाई "अस्सं का" म्हणाल्या. त्या "अस्सं का"मध्ये विश्वासाचा अंशही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. ऋतुजा घागर घेऊन रांगेत उभी असताना त्यांनी तिला गाठलं. मी पाइप धरून जवळच उभा होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"फोन हाय का तुझ्याजवळ?"

"न्हाई. काकूजवळ असतो. रविवारी आईला लावून देतात."

"बोलताना जवळ कोन बसतंय?"

"काकू."

"घरी कधी गेल्तीस?"

"दिवाळीला."

"उठतीस कवा?"

"पाचला. उठवतात."

"आन् दाराला कडी कोन लावतंय?"

"काका."

प्रत्येक उत्तर खरं होतं. मी एका डाळमिलमध्ये हिशेब बघतो. खऱ्या आकड्यांची बेरीज चुकीची येऊ शकते हे मला धंद्यामुळे माहीत आहे, पण ते माझ्याच घराला लागू होईल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी सोजरबाई कॉलनीतल्या दोन बाया घेऊन दारात उभ्या. "भाऊ, पोरीला जरा भायेर बोलवा. तिच्या तोंडून ऐकायचं हाय."

बायको तर रडकुंडीलाच आली. तिने क्लासचं ओळखपत्र, फीच्या पावत्या आणि शेवटी पुस्तकांचा गठ्ठा आणून ओट्यावर आपटला. सोजरबाईंनी सगळ्यात जाड पुस्तक उचललं, वजन केल्यासारखं हातात तोललं.

"एवढं समदं वाचायचं?"

"हे निम्मं आहे, मावशी," ऋतुजा म्हणाली.

"मंग तुझ्यापरीस सालगडी सुखी म्हनायचा," असं बोलून त्या परत फिरल्या. पाडव्याला बोली करून वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याला आमच्याकडे सालगडी म्हणतात. माफी वगैरे काही नाही. बायकोने मागून ऐकवलं, "असं कुनाच्याही दारात जाऊन विचारायचं असतं का?"

"इचारल्यानं खरं झिजत न्हाई, बाई," त्या वळून म्हणाल्या. "खोटं असल तरच झिजतंय."

त्या रात्री आम्ही त्यांना खूप नावं ठेवली.

पुढे शेजार वाढला तसं लक्षात आलं की त्यांचा संशय सरसकट नव्हता, त्याला एक दिशा होती. भाजीवाला मापात मारतो का, याकडे त्यांचं लक्ष नसायचं. एका माणसाची वस्तू दुसऱ्याच्या खिशात दिसली की मात्र त्यांचे डोळे बारीक व्हायचे. कॉलनीच्या अध्यक्षांनी नळजोडणीसाठी सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली, तेव्हा त्या स्वतः महापालिकेत जाऊन उभ्या राहिल्या, पण कार्ड दिलं नाही. आम्ही सगळे मिळून औशाचा किल्ला बघायला एसटीने गेलो. अध्यक्षांनीच सगळ्यांची तिकिटं काढली, तर म्हणाल्या, "माझं माझ्याजवळ द्या."

"अहो, हरवाल."

"हरवू द्या. माझंच हरवंल."

हे त्यांचं नोकरीतलंच वळण होतं. अहमदपूर डेपोच्या एका ड्रायव्हरने मला सांगितलं की सोजरबाईंच्या गाडीत एकाने दहाजणांची तिकिटं काढली, तरी त्या दहाही जणांसमोर जाऊन उभ्या राहत. प्रत्येकाला विचारत, "कुठं जाऊलालाव?" त्याने गाव सांगितलं की त्याचं तिकीट त्याच्या हातात. गाडीला उशीर व्हायचा, ड्रायव्हर वैतागायचे. लग्नाच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनाही यातून सुटका नव्हती. एका नवरदेवाने लाजून "सासुरवाडीला" म्हटलं, तर, "गावाचं नाव सांगा, पावनं. सासुरवाडीचं तिकीट मशिनीत न्हाई."

एकदा एक मुकादम काही माणसं घेऊन चढला. विहिरी खोदायच्या कामावर नेत होता. पैसे त्याने दिले. सोजरबाई पहिल्या माणसापुढे उभ्या राहिल्या. कुठं जायचं? तो म्हणाला, "ते सांगतील." दुसराही तेच. तिसऱ्याने नुसतं मुकादमाकडे बघितलं. सोजरबाईंनी घंटी मारून गाडी थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ज्याला गाव सांगता येत न्हाई तो उतारू न्हाई, सामान हाय. सामानाचा दर येगळा." गाडीत हशा पिकला. मुकादमाने तणतणत गावाचं नाव सांगितलं. ते ऐकून दोन माणसं उठली आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. त्यांना दुसरंच गाव सांगितलेलं होतं. मुकादमाने तक्रार केली, बाईंना मेमो मिळाला.

मी त्यांना या गोष्टीबद्दल विचारलं. वाटलं, अभिमानाने सांगतील. त्या म्हणाल्या, "त्या दोघायला पुढं काम भेटलं का न्हाई, कोनाला ठावं. मी काय घर दिलं का त्यांला? तिकीट दिलं निस्तं." स्वतःच्या चांगुलपणावरही त्यांचा तेवढाच संशय होता.

स्वतःविषयी त्या एकदाच बोलल्या. पाडव्याचा दिवस होता. आमच्या दारातल्या गुढीकडे बघत ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा बाप अहमदपूरच्या पलीकडच्या एका गावात मालकाच्या घरी सालगडी होता. कधीतरी आगाऊ घेतलेल्या उचलीपायी सालामागून साल तिथेच. आई शेणगोठा करायची.

"मालक मारत न्हवता," त्या म्हणाल्या. "लोकायला वाटतंय, मारत्यात, साखळीनं बांधत्यात. आमाला बाजाराला जायला मोकळीक होती. जत्रेला बी. पर समद्यांनी एकदम जायचं न्हाई. माय-बाप गेले तर मी वाड्यात. मी आन् माय गेलो तर बाप कामावर. एकजन मागं ऱ्हायलाच पायजे. त्यो एकजन ऱ्हायला की बाकीचे कुटं जात्यात? सांजच्याला आपसूक म्हागारी येत्यात."

तिघांतून एक कायम वजा. इतकी सोपी वजाबाकी, आणि तिला ना कुलूप लागत होतं, ना पहारेकरी.

"मंग कायदा आला. वेठबिगारी बंद, उचल माफ. गावात दवंडी झाली. मालकानं बापाला बोलावलं, पान दिलं. म्हनला, तू आजपासून मोकळा. तुझी बायकू बी मोकळी. पोरीला तेवढी ऱ्हाऊ दे पाडव्यापत्तोर."

"मग पाडव्याला सुटलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यानं पाडवा म्हनला, भाऊ. कोनता पाडवा ते सांगितलं न्हाई."

किती पाडवे गेले हे मी विचारलं नाही. हिशेब विचारायची मला सवय आहे, पण तो मला ऐकायचा नव्हता. शेवटी मामा त्या लहान पोरीला घ्यायला आला, एवढं त्या पुढे बोलल्या. दोघं एसटीत बसले. कंडक्टरने मामाचं तिकीट मामाला दिलं आणि अर्धं तिकीट वाकून तिच्या हातात ठेवलं. "त्यो वाकला," सोजरबाई म्हणाल्या, "माझ्याकरता." मग उठून घरी गेल्या.

आमच्या गल्लीच्या टोकाला तेव्हा तीन मजली इमारत उभी राहत होती. ठेकेदार भला वाटायचा. सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा, बांधकामाची धूळ उडते म्हणून रस्त्यावर स्वतः पाणी मारून घ्यायचा. साइटवर पत्र्याच्या खोलीत एक जोडपं राहत होतं. पोशट्टी आणि गंगामणी, धर्माबादकडचे, बोलण्यात तेलुगू मिसळलेलं. त्यांना आठेक वर्षांची मुलगी होती, लसमी. दिवसभर काम, रात्री तिथेच राखण.

सोजरबाई एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, ह्या तिघायला एकदम रस्त्यावर बगितलंय का कदी?"

मी म्हटलं, बघितलं असेल. त्या म्हणाल्या, "असंल नगं. बगा."

मला त्यांचा राग आला. ऋतुजाच्या वेळचा प्रसंग मी विसरलो नव्हतो. तेव्हाही सगळी लक्षणं जुळली होती आणि निदान चुकलं होतं. पण एकदा सांगितल्यावर नजर तिकडे जायचीच. गच्चीवरून साइट दिसायची. रविवारच्या बाजाराला पोशट्टी आणि गंगामणी जायचे, तेव्हा लसमी नसायचीच. ठेकेदाराचा मुकादम तिला मोटरसायकलवर पुढे बसवून दुसऱ्या साइटवर न्यायचा. ती त्याच्या बायकोपाशी खेळते, म्हणे. गंगामणी लसमीला दवाखान्यात घेऊन गेली त्या दिवशी पोशट्टी कामावर. माझ्या डोळ्यांसमोर ती तिघं एकत्र रस्त्यावर कधी आली नाहीत. पण एवढ्यावरून काय ठरतं? आमच्या घरातलेही सगळे एकदम कुठे बाहेर पडतात?

मी ठेकेदारालाच सहज विचारलं. तो मनमोकळा हसला. "साहेब, घरच्यासारखे आहेत. बाईच्या ऑपरेशनला उचल मीच दिली. आता माणसं आहेत, पळून गेली तर मी कुणाला धरायचं? तुम्ही हिशेबातले, तुम्हाला कळतं."

मला पटलं, आणि पटलं म्हणूनच खटकलं. मी ते सोजरबाईंना जसंच्या तसं सांगितलं. "घरच्यासारखे," त्या म्हणाल्या. "'सारखे' म्हनला ना? घरचे म्हनला न्हाई."

"मग तहसीलला अर्ज देऊ. मी लिहितो."

"अर्जाच्या आदी तिथला शिपाई त्याला फोन लावंल. सांजच्याला ही माणसं कर्नाटकात. आदी तिघं एका जागी पायजेत." मग म्हणाल्या, "आन् मी चुकली असंल तर मला बी ते आदीच कळाया पायजे."

वैशाखी पौर्णिमा आली. सोजरबाई दरवर्षी बुद्धजयंतीला सकाळी वंदना घेऊन दुपारी गल्लीला खिरीचं जेवण द्यायच्या. त्या वर्षी त्यांनी साइटवर जाऊन ठेकेदारालाच निमंत्रण दिलं, आणि या तिघांनाही घेऊन या, असं चारचौघांत बजावलं. तो म्हणाला, "आणतो की, आई."

अंगणात मांडव होता. आम्ही पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसलो. ठेकेदार इस्त्रीचा सदरा घालून आला. मागे पोशट्टी आणि गंगामणी, अंग चोरून. पोरगी नाही.

"लसमी?"

"ती तिकडं खेळतेय. तिचा डबा द्या, मुकादम नेईल."

सोजरबाईंनी ताटं मांडली. पोशट्टीचं, गंगामणीचं, आणि मध्ये एक लहान, रिकामं. मग पळी पातेल्यात ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"वाढा की," अध्यक्ष म्हणाले.

"पाहुनी यायची हाय."

"अहो, एका लेकरासाठी पंगत थांबवता?"

"लेकरू हाय म्हनूनच."

ठेकेदार हसला. कुणी हसलं नाही. तो म्हणाला, खीर थंड होईल. त्या म्हणाल्या, थंड खीर बी गोडच लागती. मांडवात उकाडा होता, पोरं कुरकुरायला लागली. शेजारच्या आजींना साखरेचा आजार, त्यांना भूक निघत नव्हती. त्या ठेकेदारावरच खेकसल्या, "अरे बाबा, दोन मिनटांचा रस्ता हाय, आन की त्या पोरीला! काय तालेवाराची पोर हाय का, पालखी लागंल?" सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. घास अडवल्याचं खापर त्याच्या माथी येऊ लागलं होतं. त्याने बाजूला जाऊन फोन केला. थोड्या वेळाने मुकादमाची मोटरसायकल आली. लसमी उतरली आणि धावत आईबापाच्या मध्ये जाऊन बसली.

गंगामणीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला. खीर वाढली तरी तिने तो काढला नाही. डाव्या हाताने पोरीला धरून ती उजव्या हाताने जेवली.

जेवण झाल्यावर सोजरबाईंनी हात पुसले आणि गाडीत उभ्या राहायच्या तशा पाय रोवून पोशट्टीसमोर उभ्या राहिल्या.

"कुठं जायाचं?"

तो गोंधळला. त्याने ठेकेदाराकडे बघितलं. "शेठ सांगतेत तसं."

गाडी भरली आणि उतारूच नाही म्हणतोय. तो राहतो म्हणाला असता तर आम्ही कोण होतो? ठेकेदार लगेच म्हणाला, "ऐकलंत? माणसं सुखी आहेत, आई. काहीतरी डोक्यात भरवून घेतलंय तुम्ही."

सोजरबाईंनी त्याच्याकडे मान वळवली नाही. त्या गंगामणीपुढे सरकल्या. "तुमी, बाई? कुठं जायाचं?" गंगामणीने खाली मान घातली. मग त्या वाकल्या. गुडघा दुखायचा त्यांचा, तरी पार खाली वाकल्या. "आन् तू गं? तू कुठं जाऊलालीस?"

"अव्वाकडं," लसमी म्हणाली. आपल्या आजीला ती अव्वा म्हणायची.

"गावाचं नाव सांग. मशिनीत अव्वा न्हाई."

"धर्माबाद."

"धर्माबाद," गंगामणी म्हणाली, खालच्याच मानेने, पण मोठ्याने. आणि मग पोशट्टीने ताटाकडे बघत तेच म्हटलं.

ठेकेदाराचा आवाज चढला. उचल घेतलीय, असं कसं जातील. सोजरबाई म्हणाल्या, "तुमचं काय ऱ्हायलं असंल ते घेऊन उद्या तहसीलला या. हे भाऊ हिशेब बगत्यात. कायदा मी सांगती." मग गल्लीकडे वळल्या. "आमाला स्टँडावर कोन सोडतंय?" अध्यक्षांनी, कार्ड न दिल्याचा राग अजून मनात धरून असलेल्या अध्यक्षांनी, गाडीची किल्ली काढली. मुकादम फाटकात मोटरसायकल आडवी लावून उभा होता. साखरेच्या आजी हात धुवायचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने मोटरसायकल सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. चौकशी झाली. ठेकेदाराने तिथेही "घरच्यासारखे" हाच शब्द वापरला. प्रकरण अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. सोजरबाईंना याचं नवल वाटलं नाही. पुढे त्यांचा गुडघा फारच दुखू लागला आणि मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला. निघताना त्यांनी सामानाचं कुलूप स्वतः लावलं आणि किल्ली मुलाला दिली नाही.

पण मला त्या दिसतात त्या लातूरच्या स्टँडावर, त्या पौर्णिमेच्या दुपारी. नांदेडची गाडी लागली होती. नांदेडहून धर्माबादची दुसरी गाडी त्यांना मिळणार होती. सोजरबाईही चढल्या, कारण "मागून ठेकेदाराची जीप येऊ शकती". कंडक्टर तरुण पोरगा होता. एक पुरं, बायकोचं सवलतीचं अर्धं, पोरीचं अर्धं, अशी तिकिटं काढून त्याने सगळी पोशट्टीकडे केली. सोजरबाईंनी मध्येच हात घातला. "बाईला तिकीट अर्धं, पर माणूस पुरा," त्याला म्हणाल्या, आणि पोशट्टीचं पोशट्टीला, गंगामणीचं गंगामणीला, लसमीचं लसमीला दिलं. लसमीने ते मुठीत इतकं गच्च धरलं की चुरगळलं.

गाडी हलली. सोजरबाई मागच्या सीटवर, मागच्या काचेकडे तोंड करून बसल्या होत्या. स्टँडाच्या फाटकातून बाहेर पडणारी प्रत्येक जीप निरखत होत्या. मी हात हलवला. त्यांनी नाही हलवला. बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडल्या, "भाऊ, पोरीचा फोन दिला का?"

"परीक्षा झाली की देऊ!" मी ओरडलो.

"कोनती परीक्षा?"

गाडी वळली. त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या, डोळे बारीक करून.